अँटिक्लोरीन टाकलं, तरी मासे का मेले?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. घरी दोन फुटी टँक, त्यात पाच गोल्डफिश. चार महिने पाणी कमी झालं की वरून भर घालायची, एवढंच चाललं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी टँक पूर्ण रिकामा केला. खडी नळाखाली धुतली, फिल्टरचा स्पंज स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळला, काचा घासल्या. मग स्वयंपाकघरातल्या नळाचं ताजं पाणी भरलं, अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मोजून टाकले आणि लगेच मासे सोडले. रविवारी मासे तळाशी गप्प बसून होते. मंगळवारी पाणी दुधाळ झालं. बुधवारपर्यंत तीन गेले, कल्ले लालभडक दिसत होते. त्या विचारतात, "क्लोरीन तर मारला होता, मग चुकलं काय? आणि उरलेले दोन वाचतील का?"

ताई, आधी त्या दोघांचं बघू.

आजपासून तीन दिवस खाणं पूर्ण बंद. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही; आत्ता मात्र प्रत्येक दाणा पाण्यात विष वाढवतोय. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. रोज एक १५ लिटरची बादली पाणी सायफनने काढा आणि तेवढंच, खाली सांगतो तसं तयार केलेलं पाणी हळूहळू घाला. जाडं मीठ लिटरमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला साधारण २५ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून टाका. ओळखीत कुणाकडे निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा एक मळका तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. आणताना तो टँकच्याच पाण्यात भिजलेला राहू द्या, वाळू देऊ नका. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीपेक्षा त्या मळक्या तुकड्यावर माझा जास्त भरवसा आहे.

आता काय झालं ते. तुमच्या माशांना क्लोरीनने मारलं नाही, हे मृत्यूच्या वेळेवरूनच कळतं. मी २५ वर्षं पुण्यात गच्चीवर मासे वाढवतोय. कुणी "पाणी बदललं आणि मासे मेले" असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वेळाने? क्लोरीनचा घाव मिनिटांत किंवा काही तासांत दिसतो. मासे वेड्यासारखे धावतात, अंग खडीवर घासतात, मग पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले फिकट पडतात, अंगावर बुळबुळीत पांढरट थर येतो. पाणी फार थंड किंवा फार गरम पडलं असेल तर मासे ओतल्या क्षणापासून आडवे होतात किंवा तळ धरतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाणी दुधाळ, कल्ले लाल, अशी मरतूक झाली तर ती बहुतेक अमोनियाची असते. तुमच्या रविवारच्या गप्प बसण्यात थंडीचा हात आहे, आणि मंगळवार-बुधवार हे अमोनियाचं काम आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. चालत्या टँकमध्ये स्पंजवर आणि खडीवर चिकटलेले जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही स्पंज नळाखाली पिळला, खडी नळाखाली धुतली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मुळात जीवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो, त्याने त्याचं काम चोख केलं. अँटिक्लोरीन नंतर टँकमध्ये पडलं, तोवर वस्ती मोरीतून वाहून गेली होती. पाच गोल्डफिश, ५० लिटर पाणी आणि अमोनिया पचवणारं कुणीच नाही. दुधाळपणा म्हणजे मोकळ्या जागेवर दुसरेच, फुकट अन्नावर वाढणारे जीवाणू माजले.

त्यात भर म्हणजे चार महिन्यांचं जुनं पाणी. गंगापूर धरणाचं काय किंवा आमच्या खडकवासल्याचं काय, सह्याद्रीच्या पावसाचं पाणी मऊ असतं. त्यात आम्ल सोसून घेणारे क्षार कमी असतात. जीवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते थोडे क्षारही संपत जातात. नुसती भर घालत राहिलं की पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा (७ च्या खाली आम्लधर्मी), हळूहळू ७ च्या खाली घसरतो आणि नायट्रेट साठत जातं. मासे त्यालाही सरावतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग एका सकाळी त्यांना एकदम ७.५-८ पीएचच्या नव्या पाण्यात टाकलं की शरीराला तो धक्का झेपत नाही. अर्धंच पाणी बदललं असतं तर वेगळा धोका होता. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर झपाट्याने वाढतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. जुन्या पाण्यात निमूट पडून असलेला अमोनिया ताज्या पाण्याने असा जागा होतो. म्हणून बरेच दिवस पाणी बदललेलं नसेल तर एकदम मोठा बदल कधीच करू नका. रोज दहा टक्के, दहा दिवस.

आता क्लोरीन. यावेळी तो मारेकरी नव्हता म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका. आयएस १०५०० या भारतीय मानकात ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा, असं सांगितलंय. साथीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात तो यापेक्षा बराच जास्त असतो. आपल्यासाठी ते योग्यच आहे. आपण पाणी पितो, ते पोटात जातं, तिथे एवढासा क्लोरीन अन्नातच खर्च होतो. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. कल्ल्याची पातळ त्वचा आणि पाणी यांच्यामध्ये काहीच नसतं. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमसुद्धा त्याला फार काळ सोसत नाही.

तुमच्या हातातलं अँटिक्लोरीन म्हणजे बहुतेक सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. मी माझा पहिला हायपो एका फोटो स्टुडिओतूनच आणला होता, तेव्हा डार्करूम होत्या. खडे दिसायला हुबेहूब खडीसाखर, म्हणून डबीवर ठळक नाव लिहा आणि स्वयंपाकघरात अजिबात ठेवू नका. वर्षभर पाणी बदलायचं असेल तर बाटल्या घेण्यापेक्षा खडे घेणं स्वस्त पडतं. १०० ग्रॅम खडे एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर, म्हणजे साधारण २० थेंब, १० लिटर पाण्याला पुरतो. हिशोब असा: १ मिलिग्रॅम क्लोरीनला सुरक्षित बाजूने ७ मिलिग्रॅम खडे धरतात. १० लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ७० मिलिग्रॅम लागतात आणि १ मिलिलिटरमध्ये १०० आहेत. पावसाळ्यात पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो तेव्हा मी दुप्पट टाकतो. तेवढ्या जास्तीने माशांना त्रास होत नाही. काम मिनिटाभरात होतं. द्रावण गढूळ झालं, तळाशी पिवळसर साका बसला किंवा गंधकाचा वास आला, तर फेकून द्या.

पाणी नुसतं ठेवून दिलं तर चालतं का? चालतं. उघड्या बादलीत २४ तास, आणि त्यात एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा खडा, सोडला तर त्याहून लवकर. उन्हात क्लोरीन आणखी भराभर जातो, गच्चीवर पसरट टबात ठेवलं तर दुपारपर्यंत बहुतेक सगळा. पण अरुंद तोंडाच्या, झाकण लावलेल्या कॅनमध्ये दोन दिवस ठेवलेलं पाणी मुरलेलं नाही, हे लक्षात घ्या. हवा आणि ऊन लागल्याशिवाय ठेवण्याला अर्थ नाही. मी दोन्ही करतो, आदल्या रात्री भरून ठेवतो आणि सकाळी हायपोही टाकतो, कारण ठेवण्याचे फायदे क्लोरीनपुरते नाहीत. रात्रभरात पाणी खोलीच्या तापमानाला येतं, नळाच्या दाबाने आलेले वायू निघून जातात आणि पीएच स्थिरावतो.

अमेरिका-इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. तिकडे बऱ्याच शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी. ते ठेवून सहजासहजी उडत नाही आणि नुसत्या हायपोने क्लोरीन गेला तरी अमोनिया मागे राहतो. तिथे क्लोरीनबरोबर अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर, म्हणजे टँकच्या पाण्यात टाकायचं तयार द्रावणच घ्या. वॉशिंग्टनमध्ये तर एरवी क्लोरामाइन आणि वसंतात काही आठवडे साधा क्लोरीन असतो, तेव्हा पाणीखात्याची सूचना वाचत जा. आपल्याकडे मुद्दाम क्लोरामाइन करणं नेहमीचं नाही, पण नदीच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असेल तर त्यातल्या अमोनियाशी क्लोरीनची आपोआप गाठ पडते. उन्हाळ्यात नदीचं पात्र आटलं की हे जास्त होतं.

पाण्यात कोणता क्लोरीन आहे ते ओळखायची सोपी रीत म्हणजे ओटी टेस्ट. गावातले जलसुरक्षक करतात तीच: नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग लगेच आला तर मुक्त क्लोरीन. पाच मिनिटांत हळूहळू गडद होत गेला तर अमोनियाशी जोडलेला क्लोरीनही आहे. हे रसायन अंगाला लावून घेऊ नका आणि तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका. गावाकडे विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, तिथे ही टेस्ट फार कामाची. ३३ टक्के क्लोरीनची चांगली पावडर १००० लिटरला ३ ग्रॅम पडली की लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन होतो. डासांसाठी सोडलेले गप्पी टीसीएलनंतर तरंगताना दिसतात ते यामुळेच. गप्पी सोडलेल्या हौदात टीसीएल टाकायची असेल तर आधी गप्पी काढून ठेवावेत आणि रंग यायचा थांबला की परत सोडावेत.

माझं सगळ्यात मोठं नुकसान मात्र ना पावसाळ्यात झालं ना टीसीएलच्या गावात. सोसायटीची वरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली होती. जिन्यात सूचना लागली होती, मी ती वाचलीही होती, पण पाण्याच्या वेळेसाठी वाचली. दुसऱ्या दिवशी नेहमीचे मोजून थेंब टाकून पाणी बदललं आणि तासाभरात एंजल माशांची जुळलेली जोडी गेली. चार वर्षं वाढवलेली जोडी होती, आजही चुटपुट लागते. ठरावीक थेंब ठरावीक क्लोरीनला पुरतात. टाकी धुतल्यावर पहिल्या पाण्यात किती आलाय हे बादलीला ठाऊक नसतं. तेव्हापासून टाकी सफाईची सूचना दिसली की पुढचे तीन दिवस मी टँकला नवीन पाणी दाखवत नाही.

नळाचं पाणी रोज तेच नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. नळ एकच असतो, आत कधी धरणाचं पाणी, कधी बोअरचं, कधी टँकरचं. आपल्याकडे स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याची लाइन थेट येते आणि बाथरूमला वापरायचं पाणी वरच्या टाकीतून येतं. थेट लाइनचं पाणी ताजं, म्हणून क्लोरीन जास्त. वरच्या टाकीचं जरा मुरलेलं, पण त्यात बोअर मिसळलेली असू शकते. म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस पेन घ्या. तो क्लोरीन दाखवत नाही, पाणी बदललंय हे दाखवतो. माझ्याकडे महापालिकेचं पाणी ८० ते १२० दाखवतं, त्याच इमारतीची बोअर ७०० च्या पुढे. बादलीचा आकडा टँकच्या आकड्याहून फार वेगळा दिसला तर मी एकदम ओतत नाही, एअर पंपाच्या बारीक नळीने थेंब-थेंब सोडतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण खोलवरून आल्यामुळे ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून त्याला एअर स्टोन लावून रात्रभर ठेवलंच पाहिजे. टँकरचं पाणी नाइलाज असल्याशिवाय वापरूच नका.

आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून कुणी कुणी थेट भरतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच कधीही कोसळतो. कोरं आरओ गोल्डफिशला देऊ नका. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की घरी तुरटी फिरवतात, त्या हंड्यातलं पाणीही टँकला नको. तुरटीने पीएच उतरतो आणि मऊ, आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना लागतं. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आपल्या घरात आरोग्याचं मानतात. माशांना तांबं चालत नाही, आणि कोळंबी-गोगलगायी असतील तर त्या आधी मरतात. बंबाचं आणि गीझरचं गरम पाणीही याच कारणाने टाळा.

मग डिसेंबरात पाणी कोमट कसं करायचं? स्टीलच्या पातेल्यात थोडं पाणी गॅसवर तापवा आणि बादलीत मिसळा. नाशिकला हिवाळ्याच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी किती गार असतं हे तुम्हाला अंगानेच माहीत आहे. गोल्डफिशला थंडी सोसते, पण एका मिनिटात सहा-सात अंशांची उडी सोसत नाही. टँक आणि बादलीत दोन अंशांहून जास्त फरक नको. दहा बोटांनी अंदाज घेऊ नका, थर्मामीटर घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं. गच्चीच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, तेव्हा सकाळचंच पाणी भरून ठेवायचं.

तुमच्या घरासाठी पद्धत अशी. टँकची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजा, तिन्ही गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतील. तुमचा २४ बाय १२ आणि १२ इंच पाणी धरलं तर ५६ येतात, खडीचे काढून ५० धरा. दर शनिवारी रात्री एक १५ लिटरची बादली भरून ठेवा. ही बादली फक्त माशांची, तिला साबण, फिनेल, कपडे, काही लागता कामा नये. माझ्या घरी त्या बादलीवर लाल रंगाने मासा काढलाय, पाहुणेसुद्धा तिला हात लावत नाहीत. रविवारी सकाळी त्यात दीड मिलिलिटर हायपो टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा, तापमान जुळवा, टीडीएस बघा. टँकमधून तेवढंच पाणी सायफनने काढताना नळीचं तोंड खडीत खुपसत न्या, घाण तिथेच असते. काढलेल्या जुन्या पाण्यातच फिल्टरचा स्पंज दोनदा हलकेच पिळा, बस. तो तपकिरीच राहू द्या. मग नवीन पाणी मगाने, काचेच्या कडेने, दहा-पंधरा मिनिटं घेऊन घाला. उरलेलं जुनं पाणी तुळशीला घाला, पण मीठ चालू असेपर्यंत झाडांना नको.

पीएच पुन्हा घसरू नये म्हणून मूठभर कालवांच्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवा. तो हळूहळू विरघळत राहतो.

पाणी बदलल्यावर मासे कधी एकदम वर येऊन धापा टाकायला लागले, तर घाबरून पुन्हा नळाचं पाणी ओतू नका. संपूर्ण टँकच्या हिशोबाने दुप्पट हायपो थेट टँकमध्ये टाका, हवा पूर्ण सोडा, दिवा बंद करा. कल्ले भाजले असतील तर सावरायला दोन दिवस लागतात, तोवर खाणं नको.

दोघं आठवडाभर टिकले तर बहुतेक तरतील. दुधाळपणा आपोआप जाईल, त्याच्या भीतीने सगळं पाणी पुन्हा बदलू नका. चौथ्या दिवसापासून दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं खाणं द्या. बादली रोजची असू द्या, दहा-बारा दिवसांनी एक दिवसाआड करा, सहा आठवड्यांनंतर रविवारचीच पुरे. अमोनियाचं टेस्ट किट मिळालं तर उत्तम, आकडा सलग आठवडाभर शून्य दिसेपर्यंत नवीन मासा आणू नका. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही आणू नका. गोल्डफिश वितीएवढा वाढतो आणि खाऊन घाणही भरपूर करतो. दोन फुटी टँकला दोन म्हणजे भरपूर, तेही वाढले की त्यांना याहून मोठा टँक लागेल.